न झाडलेले पिस्तूल

वसईकडच्या आम्हां लोकांना पोर्तुगीज शब्दांचे अप्रूप कधी वाटले नाही. पाद्री, पाव, मेज, पगार, इस्त्री हे शब्द कुठून आले याचा विचार न करताच आम्ही ते बोलत वाढलो. पुढे इतिहास शिकविण्याचा व्यवसाय पत्करल्यावर एके दिवशी शब्दकोश चाळताना ध्यानात आले की, याच पंगतीला 'काडतूस' हा शब्दही बसलेला आहे आणि 'पिस्तूल' हा शब्दही त्याच वाटेने आला असावा असे मानले जाते. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत ज्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर क्रूस उतरला, त्याच गलबतांतून दारूगोळाही उतरला. हे दोन्ही शब्द आपल्या बोलीत आजवर शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि आपण कॅथॉलिकांनी त्याची आठवण ठेवलेली बरी.

हा विषय आज काढण्याचे कारण मात्र वसईचे नाही. ते परभणी जिल्ह्यातले आहे.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही परभणीस आलो, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. समुद्राची सवय असलेल्या माणसाला इथली काळी जमीन, उन्हाळ्यातला कोरडा वारा आणि गोदावरी-पूर्णा-दुधनेच्या पाण्याची वाट पाहणारी माणसे सुरुवातीला परकी वाटली. आपल्या लोकांची घरे इथे बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे नाताळचा कुसवार ज्यांच्या घरी द्यायचा आणि दिवाळीचा फराळ ज्यांच्याकडून यायचा ते शेजारीच पुढे आमचे गणगोत झाले. त्यांपैकी एक अण्णा. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी, जिंतूर तालुक्यातील एका गावचे जुने वतनदार. वतन केव्हाच गेले, मागे थोडे रान आणि एक पडका वाडा उरला.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अण्णांनी तो वाडा उतरवायला काढला. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची असतात. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती तर हात-दीड हात रुंद. अशी एक भिंत पाडताना देवळीच्या मागे दुसरी, मातीने लिंपून बुजविलेली देवळी निघाली. तीत मेणकापडात गुंडाळलेली एक छोटी लाकडी पेटी होती, आणि पेटीत वीतभरही न भरणारे एक पिस्तूल. अण्णा ते कापडी पिशवीत घालून थेट आमच्याकडे आले. "सर, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला. हे काय आहे ते एकदा सांगा," एवढेच बोलून त्यांनी पिशवी मेजावर ठेवली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र ती वस्तू पाहताच शेजारचा जपमाळेचा डबा उचलून आत नेला.

खरे सांगायचे तर वस्तू देखणी होती. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, कालमानाने काळसर झालेली, पण हाताच्या स्पर्शाने मऊ. दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरलेली. एका बाजूच्या वेलीच्या मध्यभागी निशाणे आणि भाले यांची जुडी, दुसऱ्या बाजूस 'लंडन' अशी इंग्रजी अक्षरे. चाप कुठे दिसेना. घोडा हलकेच मागे ओढताच तो खालून आपोआप बाहेर आला. खिशातून किंवा झग्याच्या अस्तरातून काढताना अडकू नये म्हणून तो आत मिटून घेण्याची ही योजना. इतक्या लहानशा यंत्रात एवढा विचार ओतलेला पाहून क्षणभर कौतुक वाटते, आणि तो विचार कशासाठी केला होता हे आठवताच ते कौतुक अवघडते.

अशी पिस्तुले इंग्लंडमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मोठ्या संख्येने बनत. वाटमारीच्या भयाने घोडागाडीतून प्रवास करणारे व्यापारी ती खिशात बाळगीत. स्त्रियांसाठी हात उबदार ठेवायच्या लोकरी वेष्टनात मावतील अशी आणखी लहान पिस्तुलेही घडविली जात. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीप्रमाणे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासण्याऐवजी यांतील अनेकांची नळीच मळसूत्राने फिरवून काढता येत असे. मागच्या खोबणीत दारू भरायची, तिच्यावर गोळी ठेवायची आणि नळी पुन्हा आवळायची. असा एकच बार. तोही खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेम धरण्यापुरता. दुसऱ्या बाराला सवडच नसल्यामुळे हे हत्यार रणांगणाचे नव्हे. ते समोरासमोरच्या भीतीचे.

अण्णांचे पिस्तूल टोपीचे होते. त्याआधीच्या चकमकीच्या पिस्तुलात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे, ठिणगीने बाहेरची दारू पेटे आणि मग आतली. यात क्षणभराचा विलंब होई, शिवाय पावसाळी हवेत दारू सादळे. हा दोष दूर केला तो एका पाळकाने. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील प्रेस्बिटेरियन पाळक अलेक्झांडर फॉर्साइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीचा भपका पाहून पक्षी उडून जात, म्हणून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधून काढला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली आणि जगभरच्या बंदुका बदलल्या. पाळकमहाशयांना बदके हवी होती; जगाने त्यांच्या शोधाने काय टिपले ते आपण जाणतोच.

महिनाभराने एका मोठ्या शहरातून एक संग्राहक अण्णांकडे आले. जुनी हत्यारे जमविण्याचा त्यांना शौक. अण्णांच्या भाच्याने त्यांना छायाचित्र पाठविले होते. गृहस्थ सभ्य, अभ्यासू आणि बोलण्यात मृदू होते. त्यांच्याविषयी वाईट लिहिण्याचे आम्हांला काहीच कारण नाही. किंबहुना या विषयातले पुष्कळसे ज्ञान आम्हांला त्यांच्याकडूनच मिळाले. त्यांनी नळी अलगद फिरवून काढली आणि खालच्या बाजूचे बारीक शिक्के भिंगातून आम्हांला दाखविले. मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड, आणि जवळच काही अक्षरे. "हा बर्मिंगहॅमचा शिक्का," ते म्हणाले. "वरचे 'लंडन' शोभेपुरते. लंडनच्या नावाला भाव होता, म्हणून बर्मिंगहॅमचे कारागीर सर्रास ते नाव कोरीत."

बर्मिंगहॅममध्ये १८१३ साली कायद्याने परीक्षागृह स्थापन झाले. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू भरून बार काढीत. नळी फुटली नाही तर तिच्यावर शिक्का बसे. म्हणजे ज्या नक्षीवर गिऱ्हाइकाची नजर पडावी ती नक्षी खोटे नाव सांगत होती, आणि जो शिक्का नळी काढल्यावाचून दिसत नव्हता तो खरे गाव सांगत होता. त्या दिवशी ही गोष्ट आम्हांला केवळ गमतीची वाटली.

संग्राहकांनी भाव सांगितला. आहे तशा वस्तूला पंचवीस हजार. मग किंचित थांबून ते म्हणाले, "पण अशा वस्तूंना इतिहास असला की किंमत वाढते. हिंगोलीच्या छावणीतल्या एखाद्या इंग्रज साहेबाने तुमच्या पणजोबांना शौर्याबद्दल हे बक्षीस दिले, असे असणारच. सरांनी चार ओळी लिहून द्याव्यात. इतिहासाच्या शिक्षकाच्या सहीला वजन असते. मग दीड लाखाला मी हात आखडणार नाही."

कल्पना अगदीच निराधार नव्हती, हेही सांगितले पाहिजे. हिंगोली हा आज स्वतंत्र जिल्हा असला तरी १ मे १९९९ पर्यंत तो परभणी जिल्ह्याचाच भाग होता. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची तिथे मोठी छावणी होती. १९०३ साली ही फौज ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली. साहेब मंडळी निघून गेली तेव्हा त्यांचे सामानसुमान आसपासच्या सधन घरांत विखुरले असेल, यात नवल नाही. परंतु 'असेल' आणि 'आहे' यांच्यात जे अंतर आहे तेवढेच तर आम्ही मुलांना जन्मभर शिकवीत आलो होतो. आम्ही म्हणालो, "लिहून देण्याआधी विचारून पाहू. अण्णांच्या आत्याबाई आहेत अजून."

अण्णांचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा झाला. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते. मागील दोन हंगाम सोयाबीनने दगा दिला होता. दीड लाख ही रक्कम त्यांच्या दृष्टीने काय होती, हे आम्ही भिंतीपलीकडे राहून जाणून होतो.

आत्याबाई सेलूला मुलाकडे असतात. वय नव्वदीच्या घरात. दृष्टी अधू झाली असली तरी स्मरण लखलखीत. अण्णांनी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकणावरून हात फिरविला आणि त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे नदीत टाकलंच नव्हतं बाबांनी."

त्यांनी जे सांगितले ते समजण्यासाठी १९४८ सालच्या मराठवाड्याची थोडी आठवण करून द्यायला हवी. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटले तरी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते. कासीम रझवी याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत अत्याचार मांडले होते. माणसे घरेदारे सोडून सरहद्दीपलीकडे जात होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि तो साजरा करण्यासारखाच आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत काही ठिकाणी सूडाचा वणवा पेटला, आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमान कुटुंबांना तो भोवला. पंडित नेहरूंनी परिस्थिती पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठविली. तिचा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्यात हत्यांच्या नोंदी आहेत, तशाच हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचविल्याच्याही आहेत.

आत्याबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील, म्हणजे अण्णांचे आजोबा, यांच्याजवळ हे पिस्तूल होते. हिंगोलीच्या लिलावात घरात आले असे त्यांनी ऐकले होते. रझाकारांच्या दिवसांत आजोबा ते उशाशी घेऊन निजत. "तेव्हा नाही लपवलं त्यांनी," आत्याबाई आवर्जून म्हणाल्या. "लपवलं ते नंतर. फौज आल्यावर."

फौज आल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री गावातली काही माणसे कुऱ्हाडी-काठ्या घेऊन जमली. तालमीपलीकडे मुसलमानांची आठ-दहा घरे होती. आजोबांचे धाकटे बंधू त्या जमावात होते. त्यांच्या मेव्हण्याला रझाकारांनी मारले होते, तेव्हा त्यांचा संताप नुसता उसना नव्हता. ते घरी आले आणि त्यांनी थोरल्या भावाकडे पिस्तूल मागितले. आजोबा म्हणाले, "ते मी सकाळीच पूर्णेच्या डोहात टाकलं. सरकार हत्यारं गोळा करणार म्हणतात." दोघा भावांत जे बोलणे झाले ते आत्याबाईंनी आम्हांला सांगितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "काका गेले. घरं लुटली त्या रात्री. माणसं मात्र ओढ्याओढ्यानं निघून गेली होती. गोळी नाही उडाली. दुसऱ्या दिवशी बाबा देवळी लिंपत होते. मी माती कालवून दिली. मला वाटलं, भिंत खचली."

धाकट्या बंधूंनी पुढे चार वर्षे थोरल्याशी बोलणे टाकले. गावातही 'भेकड' हा शब्द आजोबांच्या पाठीस लागला. आपण हत्यार नदीत टाकले नव्हते, दिले नव्हते, हे त्या गृहस्थांनी मरेपर्यंत कुणाला सांगितले नाही. स्वतःच्या लेकीलासुद्धा नाही.

"मग खरंच नदीत का नाही टाकलं?" अण्णांनी विचारले.

आत्याबाई म्हणाल्या, "डोह उन्हाळ्यात आटतो की रे. सापडलं असतं कुणाला तरी."

परतीच्या प्रवासात अण्णा खिडकीबाहेर पाहत बसून होते. आम्हीही बोललो नाही.

संग्राहकांना आम्ही हा वृत्तांत जसाच्या तसा कळविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. त्यांना तो भावलाही असावा. परंतु ते म्हणाले, "सर, गोष्ट चांगली आहे, पण हिला बाजार नाही. जे पिस्तूल झाडलेच नाही, त्याला कोण विचारतो? साहेबाच्या बक्षिसाचे लिहून दिलेत तरच मी म्हटले ते जमेल." आम्ही नाही म्हणालो. अण्णांनी तेव्हा आम्हांला विचारलेला प्रश्न अजून कानांत आहे. "सर, चार ओळींनी कुणाचं काय जाणार होतं?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जगातली प्रसिद्ध लहान पिस्तुले आठवून पाहिली, आणि संग्राहकांचे म्हणणे बाजारापुरते तरी खरे आहे असे दिसून आले. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १० जुलै १५८४ रोजी ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याला बाल्थाझार जेरार नावाच्या माणसाने पिस्तुलाने मारले. मारेकरी कॅथॉलिक होता आणि आपण धर्मकार्य करीत आहोत अशी त्याची समजूत होती. तिथल्या भिंतीवरची गोळ्यांची भोके पाहायला लोक आजही जातात. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्यावर वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात गोळी झाडली गेली ती १४ एप्रिल १८६५ रोजी. तो दिवस गुड फ्रायडेचा होता. ते पिस्तूल फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराच्या कारखान्यातले, कोरीव कामाचे, एकबारी, जेमतेम सहा इंच लांबीचे. त्याच्या नकला इतक्या निघाल्या की 'डेरिंजर' हे अशा सर्व पिस्तुलांचे नावच होऊन बसले. आणि आपल्या देशात, अण्णांच्या आजोबांनी देवळी लिंपली त्याच १९४८ सालच्या ३० जानेवारीस, दिल्लीत एका इटालियन बेरेट्टा पिस्तुलाच्या गोळ्यांनी महात्मा गांधींचा प्राण घेतला. या सर्व हत्यारांची नावे, माप, कारखाने ग्रंथांत नोंदलेले आहेत. ज्या पिस्तुलाने माणूस मारला त्याला चरित्र मिळते. ज्याने मारला नाही ते भिंतीत राहते.

एक उदाहरण मात्र थोडे वेगळे आहे आणि ते आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांची हत्या झाली आणि तिच्या पाठोपाठ पहिले महायुद्ध पेटले. हत्येचे हत्यार बेल्जियममध्ये बनलेले खिशात मावणारे पिस्तूल होते. मरणोन्मुख दांपत्यासाठी प्रार्थना करून अखेरचा धर्मविधी करणारे धर्मगुरू होते येशूसंघाचे फादर आन्तोन पुंटिगाम. खटल्यानंतर कटातील पिस्तुले आणि युवराजांचा रक्ताने माखलेला सदरा त्यांच्या हाती आला. त्यांचे एक स्मृतिसंग्रहालय उभारावे अशी फादरांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर त्या वस्तू ऑस्ट्रियातील येशूसंघीयांच्या ताब्यात राहिल्या आणि हत्येला नव्वद वर्षे होत असताना, २००४ साली, त्यांनी त्या व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयाच्या स्वाधीन केल्या. लिलावात त्या पिस्तुलाला केवढी रक्कम आली असती! परंतु त्या व्रतस्थांनी ते साक्ष म्हणून सांभाळले आणि साक्ष म्हणूनच दिले. काचेच्या पेटीतले ते हत्यार पाहताना तो सदराही आठवतो, आणि मग कुणाला नक्षीकामाकडे पाहण्याची इच्छा होत नसावी.

साक्ष या शब्दापाशी आम्हांला अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. चार ओळींनी साहेबाचे काही गेले नसते आणि संग्राहकांचे तर नाहीच नाही. गेले असते ते आजोबांचे. त्या गृहस्थांनी आयुष्यात एक मोठी गोष्ट केली आणि तिच्याबद्दल भेकड म्हणवून घेतले. आमच्या खोट्या चार ओळींनी ती गोष्ट दुसऱ्यांदा, आणि या वेळी कायमची, भिंतीत लिंपली गेली असती. तिच्या जागी एक इंग्रज साहेब आणि त्याचे बक्षीस येऊन बसले असते. बर्मिंगहॅमच्या पोलादावर 'लंडन' कोरण्यासारखेच ते होते.

गेथसेमनी बागेत पेत्राच्या हाती तलवार होती, आणि ती म्यान करण्याची आज्ञा त्याला झाली, हा प्रसंग आपण दर वर्षी पवित्र सप्ताहात ऐकतो. म्यान केलेली ती तलवार पुढे कुठे गेली, हे कुणी विचारीत नाही. आम्हांला अलीकडे तो प्रश्न पडतो.

आता राहिला पिस्तुलाचा प्रश्न. 'जुनी वस्तू आहे, परवाना लागत नाही' असे संग्राहक म्हणाले होते, तेव्हा आम्ही कायदा पाहिला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात कालबाह्य बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सवलत आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही चालण्याजोगे नसेल तरच. अण्णांच्या पिस्तुलाचा घोडा तर पहिल्याच दिवशी ओढता आला होता. ते चालू शकते की नाही हे ठरविणे घरातल्या माणसाचे काम नव्हे. शिवाय १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू पुराणवस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर आजा-पणजाचे असे काही निघाले, तर ते पिशवीत घालून गावभर दाखवीत हिंडण्यापेक्षा आधी पोलीस ठाण्यात कळवावे, हे उत्तम.

अण्णांनी तसेच केले. पण लगेच नाही. जवळजवळ तीन महिने त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले. त्या दिवाळीस फराळाचे ताट आले ते त्यांच्या मुलीच्या हाती. ताट नेहमीसारखेच भरलेले, पण अण्णा दारापर्यंत आले नाहीत. आम्ही नाताळचा कुसवार पाठविला तोही असाच मुलांच्या हाती. मग जानेवारीत एका सकाळी ते आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही चार ओळी लिहिणार होता ना? लिहा. आत्या म्हणाली तशा."

आम्ही त्या लिहिल्या. चाराच्या चाळीस झाल्या. त्यांत कुठेही साहेब नाही, शौर्यपदक नाही. पिस्तुलाचे माप आहे, नक्षीचे वर्णन आहे, वर 'लंडन' आणि आत बर्मिंगहॅमचा शिक्का असल्याची नोंद आहे. लिलावाची गोष्ट ऐकीव आहे असे स्पष्ट म्हटले आहे. १९४८ च्या त्या रात्रीचा वृत्तांत आत्याबाईंच्या तोंडचा, त्यांच्याच शब्दांत. त्यांनी थरथरत्या हाताने खाली सही केली. पिस्तूल अर्जासह पोलीस ठाण्यात जमा झाले. कागदाची एक प्रत अर्जासोबत गेली, एक अण्णांच्या ट्रंकेत आहे आणि एक आमच्याकडे.

मुलीचे लग्न झाले. त्यासाठी अण्णांना ओढ्याकाठचे एक एकर रान विकावे लागले. ते रान आता दुसऱ्याच्या नावे आहे आणि त्यात तुरी उभ्या आहेत. खरेपणाला किंमत पडत नाही, असे आम्ही वर्गात कधी शिकविले नाही. पण ती किंमत शेजाऱ्याने मोजलेली पाहणे सोपे नसते. अण्णा त्याविषयी बोलत नाहीत. आम्हीही विषय काढीत नाही.

गेल्या सप्टेंबरात आत्याबाईंना भेटायला गेलो असता एक लहानशी गोष्ट घडली. त्यांच्या नातवाने, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने, त्या कागदाची प्रत आमच्याकडून मागून घेतली आणि आजीला ती मोठ्याने वाचून दाखविली. 'भेकड' या शब्दापाशी तो थांबला आणि म्हणाला, "आजी, पणजोबांना असं म्हणायचे लोक?" आत्याबाई म्हणाल्या, "म्हणायचे. मीपण म्हणायचे मनातल्या मनात. पुढं वाच."

तो पुढे वाचू लागला.